चुलीपुढे चाळीस वर्षे आणि तपासणीची एक फुंकर



मागच्या लेखात आपण पावसाळ्यातील पिण्याच्या पाण्याविषयी बोललो. या वेळी विषय श्वासाचा आहे आणि तो मी माझ्याच घरातून घेतला आहे. सांगताना थोडी शरमही वाटते. महापालिकेच्या दवाखान्यात मी बत्तीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली. हजारो रुग्णांचे केसपेपर हाताळले, सुया टोचल्या, औषधे समजावून सांगितली. पण माझ्या सख्ख्या मावशीचा आजार ओळखायला आठ वर्षे लागली. डॉक्टरांना लागली, तिच्या मुलांना लागली आणि मलाही लागली. कुणावर ठपका ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. तुमच्या घरातील कुणाची अशी आठ वर्षे वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी लिहिते आहे.

मावशी परभणी जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात गाव सुटले. लग्नाला वर्षही झाले नव्हते. नवऱ्याबरोबर ती मुंबईला आली आणि रेल्वेलाईनच्या कडेला पत्र्याच्या झोपडीत संसार मांडला. चुलीपुढे मात्र ती त्याच्याही आधीपासून, वयाच्या नवव्या वर्षापासून बसत होती. गावाकडे काटक्या, तुराट्या आणि गोवऱ्या. मुंबईत वखारीतला लाकडाचा भुसा ठासून भरलेली शेगडी, पावसाळ्यात ओली फळकुटे आणि पेटत नाही म्हणून वर टाकलेला प्लास्टिकचा तुकडा. रॉकेलचा स्टोव्ह कधी असे, कधी रॉकेलच मिळत नसे. गॅस आला २००६ साली, थोरल्या मुलाला नोकरी लागल्यावर. म्हणजे चाळीस वर्षे तिच्या हातात फुंकणी होती. त्या झोपडीला खिडकी नव्हती. धूर पत्र्याखाली कोंडायचा आणि मावशीच्या मांडीवरचे पोरही तोच धूर घ्यायचे.

पोटासाठी ती आधी बांधकामावर बिगारी म्हणून राबली, सिमेंटची पोती झटकली. नंतर ठेकेदाराकडे रस्ता झाडण्याचे काम मिळाले. झाडूचे काम पिढ्यान् पिढ्या कुणाच्या वाट्याला आले, हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको. पहाटे साडेपाचला धूळ उडवायची आणि कचऱ्याची गाडी आली नाही तर ढीग तिथेच पेटवायचा. तोंडाला लुगड्याचा पदर, एवढेच काय ते संरक्षण. बिडी-सिगारेटला मात्र तिने आयुष्यात हात लावला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे तिथेच चुकले.

२०१० च्या थंडीत तिला खोकला सुरू झाला. सकाळी उठल्यावर ठसका, पांढरा बेडका, मग दिवसभर बरे. वस्तीतल्या डॉक्टरांनी बाटली आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. बरे वाटले. पुढच्या थंडीत पुन्हा तेच. नंतर पावसाळ्यातही होऊ लागले. "हवा बदलली की मावशीला खोकला येतोच," असे सगळे म्हणू लागले, जणू तो तिचा स्वभावच होता.

२०१३ साली छातीचा फोटो काढला. "फोटो साफ आहे, काळजी करू नका," असे सांगण्यात आले. मावशीला बरे वाटले, आम्हालाही. २०१४ साली झाडू मारताना दम लागू लागला म्हणून तिने काम सोडले. मुलगा अभिमानाने म्हणाला, "आई, आता तू बसून खा." मावशीने काम का सोडले, हे त्या आनंदात कुणी विचारलेच नाही.

२०१५ साली दुसऱ्या एका खासगी डॉक्टरांना फोटोत डाग दिसला. बेडक्यात जंतू सापडले नव्हते, तरी टीबीची औषधे सुरू झाली. सहा महिने ती इमानाने गोळ्या गिळत राहिली. तोंडाला चव नाही, अंगात त्राण नाही आणि शेजारणींनी तिचा चहाचा कप वेगळा ठेवला. दम तसाच राहिला. मग हृदयाची शंका आली. पट्टी काढली, ती चांगली निघाली. पुढे कुणीतरी एक दवाखाना सांगितला. तिथली सुई टोचली की दोन दिवस मोकळे वाटायचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच दम. त्या सुईत काय होते ते चिठ्ठीवर कधीच लिहिलेले नसे. मावशी महिन्यातून दोनदा तिथे जाऊ लागली.

आणि मी? मी दर महिन्याला तिच्याकडे जात होते. तोवर झोपडी जाऊन इमारतीत खोली मिळाली होती, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बहुधा बंदच. बाजारातून परत येताना पहिल्या मजल्यावरच मावशी भिंतीला टेकायची आणि म्हणायची, "तू हो पुढं माय, मी आलेच." आणि मी पुढे होत असे. वर जाऊन कुलूप काढायची, पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. ती पाच-सात मिनिटांनी यायची. बत्तीस वर्षे दवाखान्यात काढलेल्या बाईला त्या पाच मिनिटांचा अर्थ कळला नाही. मीही मनात हेच म्हणत होते, 'वय झालं आता तिचं.'

२०१८ च्या जानेवारीत एका रात्री तिला श्वासच घेता येईना. ओठ काळेनिळे पडले. मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. ऑक्सिजन लावला, वाफ दिली, चार दिवसांनी ती सावरली. सकाळच्या फेरीला एक तरुण डॉक्टर मुलगी आली. तिने खुर्ची ओढून विचारले, "आजी, तुम्ही स्वयंपाक कशावर करत होता?" मावशी माझ्याकडे बघू लागली. आठ वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

बरे वाटल्यावर दीड महिन्याने त्या डॉक्टरांनी तिला फुंकण्याच्या तपासणीला बोलावले. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. तंत्रज्ञ म्हणाला, "आजी, पूर्ण श्वास घ्या आणि जोरात फुंका. फुंका, फुंका, अजून, अजून!" मावशी नळी काढून हसली. "फुंकायचं मला शिकवता व्हय? जलमभर फुंकणीच फुंकली मी." पण मशीनवरची रेघ वर चढेना. निरोगी माणूस छातीतली बरीचशी हवा पहिल्या एका सेकंदातच बाहेर टाकतो. मावशीच्या छातीतून पहिल्या सेकंदात निम्मीसुद्धा हवा बाहेर आली नाही. तिच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईने जेवढे फुंकायला हवे, त्याच्या जेमतेम ४२ टक्के.

तपासणीला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासापर्यंत पोचायला आम्हाला आठ वर्षे लागली होती.

हा आजार तरी कोणता?

डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. श्वासनलिका वर्षानुवर्षे धूर-धूळ खाऊन आतून सुजतात, अरुंद होतात, त्यांत बेडका साचतो. फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी बारीक पिशव्या असतात. त्यांच्या भिंती झिजतात आणि जुन्या इलॅस्टिकसारख्या सैल पडतात. हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. आत शिळी हवा कोंडलेली असल्यामुळे ताजी हवा घ्यायला जागाच उरत नाही. दम लागतो तो यामुळे.

पुष्कळ लोक याला दमाच म्हणतात. पण दोहोंत फरक आहे. दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो आणि जातो. मधल्या काळात माणूस अगदी ठीक असतो. सीओपीडी बहुधा चाळिशीनंतर दिसू लागतो, हळूहळू वाढत जातो आणि पूर्णपणे जात नाही. काहींना दोन्ही असतात. औषधांचा क्रम निराळा असल्यामुळे कोणता आजार आहे, हे कळणे महत्त्वाचे.

हा काही क्वचित होणारा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३५ लाख माणसे या एका आजाराने गेली. आपल्या देशात १९९० साली याचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ साली ते ५ कोटी ५३ लाख झाले. त्याच अभ्यासात या आजाराच्या ओझ्याची कारणेही मोजली आहेत. शंभरातला ५४ इतका वाटा हवेच्या प्रदूषणाचा निघाला. त्यात बाहेरची खराब हवा आली आणि घरातल्या चुलीचा धूरही आला. तंबाखूचा वाटा २५ आणि कामाच्या ठिकाणच्या धूर-धुळीचा १६ ते १७. म्हणजे आपल्याकडे बिडीपेक्षा धुराने भरलेले घर आणि रस्ता अधिक घातक ठरले आहेत. तरी डॉक्टर विचारतात, "बिडी ओढता का?" आणि 'नाही' असे उत्तर मिळाले की विषय तिथेच संपतो. मावशीच्या बाबतीत नेमके हेच झाले.

उशीर कुठे कुठे होतो?

मावशीची कागदांची पिशवी मी नंतर दोन दिवस बसून लावली. तेव्हा ध्यानात आले की उशीर एका जागी झाला नव्हता, पायरीपायरीला झाला होता.

पहिली पायरी आपले घर. हा आजार फार हळू येतो, आणि माणूसही तितक्याच हळू त्याच्याशी जुळवून घेतो. जिना चढवत नाही म्हणून खाली उतरणे कमी होते. बाजार सुनेकडे जातो. पाण्याची कळशी नातू उचलतो. लग्नाला, कार्यक्रमाला जाणे बंद होते. बसून राहिल्यावर दम लागत नाही, म्हणून त्या माणसाला वाटते आपण बरे आहोत. आजार वाढत असतो, आणि आपण मात्र तो दिसणार नाही अशी सोय करीत जातो. त्यातून बाईमाणूस असेल तर तिने तक्रार करायची नाही, ही जुनी शिकवण आहेच.

दुसरी पायरी म्हणजे भीती. दमा किंवा टीबी हा शब्द घरात आला की मुलीचे लग्न अडेल, घरमालक खोली सोडायला सांगेल, असे लोकांना वाटते. म्हणून खोकला लपवला जातो.

तिसरी पायरी रोजंदारी. मोठ्या रुग्णालयाची रांग म्हणजे एक दिवसाची हजेरी गेली. तपासणी एका दिवशी, अहवाल दुसऱ्या दिवशी, डॉक्टर तिसऱ्या दिवशी. वस्तीतला दवाखाना रात्री दहापर्यंत उघडा असतो आणि सुईने लगेच आराम पडतो. गरीब माणूस तिकडे वळतो यात त्याचा दोष नाही. पण सुईत पुष्कळदा स्टिरॉइड असते. डॉक्टरांनी योग्य वेळी, थोड्या दिवसांसाठी दिले तर ते उपयोगाचे औषध आहे. महिनोन् महिने घेतले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि मूळ आजार झाकलेला राहतो.

चौथी पायरी छातीचा फोटो. आपल्या लोकांचा एक्स-रेवर फार विश्वास. पण सीओपीडी सुरुवातीच्या काळात एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. फोटोत फुप्फुसाचा आकार दिसतो, त्यातून हवा किती जोराने बाहेर पडते ते दिसत नाही. फोटो साफ आला म्हणजे फुप्फुस निरोगी, असे समजू नका.

पाचवी पायरी टीबीची. येथे माझे म्हणणे नीट समजून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर बेडक्याची तपासणी आधी केलीच पाहिजे. सरकारी केंद्रात ती मोफत होते आणि औषधेही मोफत मिळतात. बेडक्यात टीबी निघाला तर औषधाचा एकही दिवस चुकवू नये. पण बेडक्यात काही निघाले नाही आणि दम तर लागतोच आहे, अशा वेळी पुढचा प्रश्न विचारायला हवा. शिवाय ज्यांना पूर्वी टीबी होऊन बरा झाला, त्यांच्याही श्वासनलिका नंतर अरुंद राहू शकतात. टीबी बरा झाल्यावरही दम लागत असेल तर तीच जुनी औषधे पुन्हा सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी.

आपला धंदा डॉक्टरांना सांगा

इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला तपासताना त्याचा धंदा कोणता, हेही विचारावे असे त्याने वैद्यांना सांगितले. तीनशे वर्षे उलटून गेली तरी पुष्कळ दवाखान्यांत हा प्रश्न विचारला जात नाही. गर्दी असते, वेळ नसतो. म्हणून आपणच सांगावे. "मी वीस वर्षे गिरणीच्या ब्लोरूममध्ये होतो." "मी खडी फोडण्याच्या यंत्रावर आहे." "मी वेल्डिंग करतो." "मी रस्ता झाडते." "मी चुलीवर तीस वर्षे रांधले." कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आणि दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हे नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीतील धंद्याचे रोग आहेत. पण रोगाचे नाव कागदावर आलेच नाही, तर भरपाई मागायची कशाच्या आधारावर? ज्यांच्याकडे ईएसआयचे कार्ड आहे त्यांनी आपल्या कामाचे नाव आणि किती वर्षे केले ते केसपेपरवर लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

घरीच विचारावयाचे पाच प्रश्न

ब्रिटनमध्ये वेल्स प्रांतातील कोळसा खाणकामगारांच्या छातीच्या रोगाचा अभ्यास डॉ. चार्ल्स फ्लेचर यांनी केला. खाणकामगाराला किती दम लागतो हे साध्या प्रश्नांवरून ठरवण्याची रीत त्यांनी बसवली. थोड्या फरकाने तीच पायऱ्यांची रीत आज जगभर वापरतात. आपल्या भाषेत ती अशी:

१) फक्त फार जड काम करतानाच दम लागतो का? तसे असेल तर ते स्वाभाविक आहे.

२) सपाट रस्त्यावर घाईने चालताना किंवा लहानसा चढ चढताना दम लागतो का?

३) बरोबरीच्या वयाच्या माणसांपेक्षा हळू चालावे लागते का? किंवा आपल्याच चालीने जातानाही मध्येच थांबावे लागते का?

४) सपाट रस्त्यावर शंभर मीटरच्या आसपास किंवा काही मिनिटांतच थांबावे लागते का?

५) दमामुळे घराबाहेर पडणे बंद झाले आहे का? लुगडे नेसताना, सदरा घालताना दम लागतो का?

वय चाळीसच्या पुढे आहे, आयुष्यात धूर-धूळ किंवा बिडी-सिगारेट आहे आणि दुसऱ्या किंवा त्यापुढच्या प्रश्नाला उत्तर 'होय' आहे, तर त्या माणसाने फुंकण्याची तपासणी करून घ्यावी. वर्षातले कित्येक महिने बेडक्यासह खोकला असेल, त्यानेही घ्यावी. माझी मावशी तिसऱ्या प्रश्नावर होती तेव्हा मी तिच्या पुढे जिना चढत होते.

फुंकण्याची तपासणी

तिचे नाव स्पायरोमेट्री. काही ठिकाणी पीएफटी म्हणतात. सुई नाही, रक्त नाही, वेदना नाही. पूर्ण श्वास घेऊन नळीत जोराने आणि शेवटपर्यंत फुंकायचे. असे तीन-चार वेळा करतात. मग पंपाचे औषध ओढायला देतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावतात. एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, हे मशीन सांगते. औषध घेतल्यावरही हा आकडा शंभरात ७० च्या खाली राहिला आणि लक्षणे व धुराचा इतिहासही जुळला, तर सीओपीडीचे निदान होते. कपडे सैल असावेत, पोट फार भरलेले नसावे. नुकतेच हृदयविकाराचा झटका, डोळ्याची, छातीची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर आधी तसे सांगावे. टीबीची शंका असेल तर बेडक्याची तपासणी अगोदर करून घ्यावी.

हे यंत्र काही नवे नाही. जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने लंडनमध्ये १८४६ साली श्वास मोजण्याचे यंत्र जगापुढे मांडले. रक्तदाब मोजण्याचा दंडाचा पट्टा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. आज दंडाचा पट्टा प्रत्येक दवाखान्यात आहे, श्वास मोजण्याचे यंत्र मात्र प्रत्येक ठिकाणी नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या छातीविकार विभागात चौकशी करावी. डॉक्टरांपुढे गेल्यावर संकोच न करता म्हणावे: "डॉक्टरसाहेब, मला इतक्या वर्षांपासून दम लागतो. मी धुरात काम केले आहे. माझी स्पायरोमेट्री करता येईल का?" एवढे वाक्य पाठ करून जा. लिहून नेले तरी चालेल.

गावोगावी आणि वस्त्यांत आशाताई तीस वर्षांवरील माणसांचा एक फॉर्म भरून घेतात. दम लागतो का, खोकला आहे का, स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, कचरा जाळता का, धूर-धुळीच्या ठिकाणी काम करता का, असे प्रश्न त्यात असतात. आपल्या बायका घाईत "काही नाही, काही नाही" म्हणून मोकळ्या होतात. तसे करू नका. खरे सांगा आणि पुढे कुठे तपासायचे तेही विचारा.

आजार निघाला तर

गेलेला श्वास परत येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण उरलेला जपता येतो. डॉ. फ्लेचर आणि त्यांचे सहकारी पेटो यांनी लंडनमधील कामकरी पुरुषांचा श्वास आठ वर्षे मोजला आणि १९७७ साली निष्कर्ष मांडले. सिगारेट सोडणाऱ्यांचा गेलेला श्वास भरून आला नाही, पण पुढची घसरण जवळजवळ निरोगी माणसाइतकी मंद झाली. म्हणून लवकर कळण्याला एवढे महत्त्व आहे. ७० टक्के उरले असताना कळले तर माणूस कामावर राहतो, ४० टक्क्यांवर कळले तर जिन्यात थांबतो.

पहिले औषध म्हणजे धूर थांबवणे. बिडी-सिगारेट घरातल्या सर्वांनीच सोडावी. मशेरी भाजण्याचा धूरही धूरच आहे. डासांच्या एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. तेव्हा कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, पुष्कळ घरांत सिलिंडर पोचले. पण तो संपला की महागाईमुळे पुन्हा चूल पेटते, हे आपण सर्व पाहतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरे देशात ५८.६ टक्केच होती. चूल टळत नसेल तर ती निदान उघड्यावर, पडवीत मांडावी, लाकूड कोरडे वापरावे आणि मुलांना जवळ बसवू नये.

दुसरे औषध पंप. "पंपाची सवय लागते," "पंप म्हणजे शेवटचा उपाय," असे गैरसमज आहेत. उलट पंपाचे औषध थेट छातीत जाते, म्हणून थोडेसेच लागते. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि त्याच औषधाच्या गोळीत २००० किंवा ४००० मायक्रोग्रॅम. मग जड औषध कोणते, तुम्हीच सांगा. पंप ओढण्याची रीत मात्र नीट शिकून घ्या, फुग्यासारखी नळी मिळाली तर ती वापरा आणि स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरा. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. खर्च जड जात असेल तर सरकारी रुग्णालयात आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस, रोज झेपेल तेवढे चालणे आणि पोटभर सकस जेवण, हाही उपचाराचाच भाग आहे. आणि ओठ निळे पडणे, एक वाक्यही सलग बोलता न येणे, गुंगी येणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.

आमच्या मावशीची तब्येत आता बरी म्हणावी अशी आहे. २०१८ पासून पंप चालू आहे. २०२० च्या करोनात तिच्या मुलांनी तिला डोळ्यांत तेल घालून जपले. दर पौर्णिमेला ती पुन्हा विहारात येते, हळूहळू, काठी टेकत. गेलेले ५८ टक्के गेलेच. २०१० साली कुणी तिला नळीत फुंकायला लावले असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गेल्या महिन्यात आम्ही बाजारातून आलो. पहिल्या मजल्यावर ती भिंतीला टेकली आणि सवयीने म्हणाली, "तू हो पुढं माय." मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याजवळ थांबले. जिन्यात उभ्या उभ्या आम्ही घरच्या गोष्टी केल्या, मग दोघी मिळून वर गेलो.

तुमच्याही जिन्यात, पाणंदीत, स्टेशनच्या पुलावर कुणीतरी असेच मागे थांबत असेल. आई असेल, सासू असेल, सासरे असतील. त्यांच्यापुढे जाऊ नका. थांबा, वर दिलेले पाच प्रश्न विचारा आणि येत्या सुटीच्या दिवसाची वाट न पाहता एक दिवसाची हजेरी बुडवून त्यांना तपासणीला घेऊन जा. तो बुडालेला एक दिवस पुढची कित्येक वर्षे वाचवील.